थोराआत्याची भिंत

९ जून
थोराआत्याला जाऊन चाळीस वर्षं झाली. हेरिंग मासे धुरवून विकायची आणि उरल्या वेळात समुद्र रंगवायची. मी शाळा सोडली तेव्हा तिनंच कामाला घेतलं. आज तिचं नाव बेटावर कुणाला ठाऊक नाही. आता मी हातात घेतलंय, म्हणजे झालंच.

११ जून
म्युझियमच्या बेनेडिक्टेबाईंना फोन. त्यांच्याकडे एकच चित्र, तळघरात. आणखी पाच आणा, आत्याच्या नावाची भिंत देते म्हणाल्या. पाच? आमच्या माळ्यावर पन्नास निघतील.

१४ जून
माळ्यावर कॅनव्हास एकही नाही. धुरीघरातली खोक्यांची झाकणं तेवढी, दोन्हीकडून काळीकुट्ट. असल्या अडगळीत चित्रं सापडणार कशी? आधी सफाई.

१७ जून
नवरा आयविन म्हणतो, "बोदिल, या फळ्यांवर काहीतरी आहे गं." म्हटलं, काजळी आहे. तुझ्या डोक्यात आहे तीच.

२३ जून
सांक्त हान्सचा सण. किनाऱ्यावरच्या होळीला आमची बत्तीस झाकणं दिली. जाळ गेला थेट वर बसवलेल्या चेटकिणीच्या बाहुलीच्या टोपीपर्यंत. मधूनच हिरव्या-निळ्या ज्वाळा! सगळे बघत राहिले. जुन्या लाकडाची गोष्टच वेगळी.

२४ जून
माळा लख्ख. चित्रं नाहीत. आत्यानं नीट ठेवायला नकोत?

२५ जून
बाईंचा फोन. त्यांनी आपलं चित्र उलटून पाहिलं. खोक्याचं झाकण! आत्याला कॅनव्हास परवडायचाच नाही. काळ्या फळ्या सापडल्या तर हात लावू नका, म्हणाल्या. बघते म्हटलं. आयविन जेवताना एक शब्द बोलला नाही. गप्प बसून टोमणे मारायची त्याची जुनी खोड.

२६ जून
एक आहे! खुराड्याला दार म्हणून मीच ठोकलं होतं. बाई उद्या येतायत. हात लावू नका म्हणे! त्यांना काय माहीत आमचा तपकिरी साबण? आईनं जमीन, भांडी, आम्ही पोरं, सगळं त्यानंच घासलं. वरची काजळी काढली की खाली आत्याचा समुद्र. बाईंना आयता दिसेल.

२७ जून
तीन पाण्यांनी धुतली. पाइनचं लाकूड, एक गाठ नाही. बाई फळी धरून कितीतरी वेळ उभ्याच. आयविननं कॉफी दिली, ती गार झाली. कोपऱ्यात नखाएवढं निळं राहून गेलं होतं, त्यावरून बोट फिरवत होत्या.
मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, बाई, तेवढा एक डाग काही केल्या निघाला नाही बघा.