बाबांचा स्वेटर आटला

३ जानेवारी, शनिवार

मेले! बाबांचा स्वेटर मशिनमध्ये गेला. टॉवेलच्या ढिगात होता. मी न बघता सगळं आत ढकललं आणि वर गरम पाण्याचं बटण दाबलं. बाहेर काय आलं? बाहुलीचा कोट! तोही पुठ्ठ्यासारखा.

सासूबाईंनी स्वतः विणलाय, बाबांसाठी म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. नणंदेकडे जायला निघाल्या आणि दारातून परत येऊन बजावलं— 'यांचा स्वेटर गार पाण्यात, हातानं धू. पिळू नकोस. टांगू नकोस.' मी मान हलवली. मान हलवायला काय जातंय!

पुढच्या शनिवारी येणार आहेत.

४ जानेवारी

नवऱ्याला दाखवला. उलटसुलट करून बघितला. म्हणाला, 'मांजर पाळायचं का आपण?'

दुपारपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. खूश दिसला.

५ जानेवारी

बाबा शाल गुंडाळून बसलेत. 'स्वेटर वाळला नाही का गं?'

'लोकर आहे ना बाबा, सावकाश वाळते.'

'सावलीत घातलायस ना?'

'हो तर!'

कपाटात आहे. सावलीच की ती!

६ जानेवारी

ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, कोमट पाण्यात केसांचा कंडिशनर घालून भिजव, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घे, मग हलक्या हाताने ताण. माझी महागडी बाटली अर्धी संपली, पण स्वेटर ढिला पडला खरा! एक बाही मी धरली, दुसरी नवऱ्याने. हलका हात राहिला बाजूला, रस्सीखेचच सुरू झाली. त्याच्याकडची बाही आता वीतभर लांब आहे. 'मी जिंकलो,' म्हणतो. लाज नाही!

८ जानेवारी

पलंगावर सपाट पसरून वाळवला. किती वाढला बघावं म्हणून मीच डोक्यातून घातला— आणि अडकले! दोन्ही हात वर, तोंड आत, नाकात कंडिशनरचा गुलाब. नेमके बाबा दारात.

'व्यायाम का?'

'हो,' मी आतून.

'चालू दे.'

गेले! स्वतःचा स्वेटर ओळखला नाही!

१० जानेवारी, शनिवार

आई नणंदेकडून आल्या. पिशवी ठेवायच्या आधी स्वेटर कुठाय विचारलं. दिला. हुंगला. 'याला केसांचा वास कसला येतोय?' मी सगळं भडाभडा ओकले. मग काय— 'एवढं एकच सांगितलं होतं गं तुला!' असा काही आवाज लागला की नवरा बाल्कनीत पळाला.

बाबा उठले. आईंच्या हातातून स्वेटर घेतला आणि सरळ अंगात चढवला. सर्रकन गेला! एक हात बाहीत गडप, दुसऱ्याचं कोपर उघडं. 'झाला की मापाचा. उगाच ओरडतेस पोरीवर. हल्ली नुसतं पोतं घातल्यासारखं वाटायचं.'

आईंनी हसू दाबलं, पण फसकन फुटलंच. मग सगळेच सुटलो. हसून हसून बाबांना ठसका लागला.

वाचले बाई!

११ जानेवारी, रविवार

सकाळी आई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. आवाज अगदी खाली. 'अगं, एवढा आटलेला स्वेटर यांना बसला कसा?'

रोज त्यांच्यासमोर बसून जेवतोय आम्ही.

उद्याची वेळ घेतलीय डॉक्टरांची.