धीर देणाऱ्याची जीपमधली जागा

बाबूजी, तुमच्या नर्स लेकीला आता साहेबांच्या बैठकीत खुर्ची मिळते. बरे न होणाऱ्या रोग्यांच्या घरी जाऊन त्यांचं दुखणं हलकं करायचं, हे आमच्या पथकाचं काम. परवा ठरवायचं होतं, प्रत्येक पथकात मनाला धीर देणारी माणसं कोण आणि किती हवीत. एकानं पंडितजी सुचवले. दुसरे म्हणाले, मग मौलवीही हवेत. देवरीचे डॉक्टर म्हणाले, "आमच्या जंगलातल्या गावांत देवपूजा करणारा भुमकाच लागतो, पंडितजी दिसले तर रोग्याले वाटन, आता संपलंच." कोणी विहारातल्या भन्तेजींचं नाव काढलं. तेवढ्यात मागून आमचा ड्रायव्हर उठला, "साहेब, हे चौघं जीपमधी बसले तं सिस्टर कुठी बसन? टपावर?"

मला शेजारचे काका आठवले. मी नुकतीच ट्रेनिंग संपवून आलेली, ते अंथरुणाला खिळलेले, आणि मी त्यांना आत्मा अमर असल्याचं समजावत होते. तुम्ही मला दाराबाहेर ओढलंत. "कायले ग्यान शिकवून राहिली वं? मरून राहिला तो, परीक्षेले नाही बसून राहिला." मग तुम्ही आत जाता, त्यांचा हात धरता आणि चोरखमाऱ्याच्या तलावात मासोळ्या धरताना त्यांचं धोतर कसं वाहून गेलं ते सांगू लागता. काका डोळे उघडतात. "धोतर तुयं गेलतं, बुढ्या!" तीन दिवस तेच भांडण चाललं. चौथ्या दिवशी काका गेले, भांडण जिंकून.

हे मी बैठकीत सांगितलं. मोठे साहेब हसले, मग पेन उघडून म्हणाले, "अशा माणसाची पात्रता काय लिहायची?"

"भांडण हरता आलं पाहिजे, सर."

शेवटी ठरलं : प्रत्येक पथकात एक माणूस, जातधर्म कुठलाही, बोली इथली. पंडित, मौलवी, भुमका, भन्ते, रोगी म्हणेल त्याला बोलवायचं.

सगळ्यांनी माझं कौतुक केलं, बाबूजी. तुमच्या शेवटच्या दुपारी तुम्ही म्हणाला होता, "बस ना वं थोडी." मी म्हणाले, "थांबा, सलाईन बदलते." बाटली अगदी नीट लावली मी, थेंबही मोजले. वळून पाहिलं, तोवर तुम्ही गेला होता. हे मात्र बैठकीत सांगितलं नाही. इथं लिहिलं, आणि कागद घडी करून कपाटात ठेवून देते आहे.