चोरओटी

बनशंकरी, बेंगळूरु
११ फेब्रुवारी

चि. पवित्रा हिस अनेक आशीर्वाद.

तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, मग पोस्टाशिवाय राहिलं काय? अर्धा तास पेन शोधण्यात गेला.

आम्ही बरे आहोत. तू पुन्हा कामावर जायला लागलीस म्हणे. होसकोट्याला धूळ फार, तोंडाला रुमाल बांधत जा. घरमालकीण चंपाक्का रोज विचारते, ‘धाकटी कशी आहे?’ मी ‘सरी, सरी’, ठीक आहे, ठीक आहे, करत जिना चढते.

रविवारी तुझे दयानंदराव पिशवी देऊन गेले. चहालाही थांबले नाहीत. आत तो हिरवा खण. चिकपेटेत चार दुकानं पालथी घालून तुझ्यासाठी घेतला होता. घडीसुद्धा मोडली नव्हतीस. चिठ्ठी नव्हती. कळलं मला.

चोरओटी ती चोरूनच भरायची. तिसऱ्या महिन्यात कुणाला कळू द्यायचं नाही, म्हणून तर तिला चोरओटी म्हणतात. आईने निपाणीहून दहादा बजावलं होतं, शेजारणीलासुद्धा पत्ता लागू देऊ नकोस. आणि मी शहाणीने काय केलं? दाराला कडी घातली आणि व्हिडिओ चालू करून फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला! तू म्हणालीस, ‘अक्का, कुठे टाकू नकोस गं.’ मी म्हटलं, ‘छे!’ संध्याकाळी टाकलं.

का, ते सांगू? रोज फोनवर लोकांचं बघत बसायचे. कुणी परदेशात, कुणाचं नवं घर, कुणाची मुलं बक्षिसं घेतायत. बघून बघून माझा संसार मलाच शिळा वाटायला लागला होता. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी होतं. ते माझं नव्हतं, तुझं होतं.

अकराव्या दिवशी तुला दवाखान्यात नेलं. सगळं संपलं, तरी लोकांची अभिनंदनं येतच होती. तू खाटेवर पडून ती वाचलीस. माझी मैत्रीण शमिका, तिने तर बाळाची नावंही सुचवली होती.

तू आईकरवी विचारलंस, अक्काने तो व्हिडिओ लगेच का नाही काढला? मी सांगितलं, फोन दुरुस्तीला होता. आईने मान डोलावली असेल.

नव्हता गं दुरुस्तीला. माझ्या हातात होता. तू आत होतीस आणि मी बाहेर बाकावर बसून आकडा बघत होते. सहाशे ऐंशी लाइक होते. काढायला गेले आणि मनात आलं, सातशे होऊ देत, मग काढू. सातशे झाले, तरी नाही काढला. चार दिवस, पवी. दयानंदरावांनी माझ्यापुढे हात जोडले, तेव्हा काढला. हे मी अजून कुणालाच सांगितलं नाही. माझी मलाच किळस येते.

पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून या शनिवारी नको, पुढच्या शनिवारी अकराला तुझ्याकडे येते. फोन घरीच ठेवणार आहे. ‘येऊ नकोस’ म्हणायचं असेल तर दारात उभी राहून म्हण. शिव्या दे, चार जणांसमोर दे. बेल एकदाच वाजवेन. नाही उघडलंस तर स्वल्प वेळ पायरीवर बसेन आणि परत जाईन.

खण आणत नाही. तू मागशील तेव्हा आणीन, तोवर कपाटात राहील.

आईने धाडलेले डिंकाचे लाडू खा. अंगावर काढू नकोस.

तुझी
(इथे ‘अक्का’ लिहायचं होतं. तू हाक मारलीस तरच लिहीन.)
शिवलीला