स्वयंपाकघर लिहिलेला फ्यूज

अण्णा, मी काय काम करतो हे मला तुम्हाला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. कंप्यूटरमध्ये कुठल्या प्रोग्रामला मेमरीतली किती जागा द्यायची, कधी परत घ्यायची, हे ठरवणारा कोड मी लिहितो. कॉलेजची पायरी न चढता शिकलो, त्याचा तोरा अजून आहे. कोडच्या वर माणसांसाठी एकदोन ओळी लिहायच्या असतात, त्यांना कॉमेंट म्हणतात. मशीन ती वाचत नाही. माणूस वाचतो आणि विश्वास ठेवतो. परवा याच कामातल्या एका मुलीचा मेल आला: तुमच्या कॉमेंटप्रमाणे केलं, मशीन थिजलं. बघितलं तर कॉमेंट म्हणत होती, या कोडच्या आत येण्याआधी कुलूप लावून या, म्हणजे एका वेळी एकच जण मेमरीला हात लावेल. दोन वर्षांपूर्वी मीच ते कुलूप लावायचं काम आतल्या कोडकडे दिलं होतं आणि वरची ओळ तशीच राहू दिली. तिने बाहेरून लावलं, आत कोड तेच कुलूप सुटायची वाट बघत बसला.

मला तुमचा अंगठा आठवला. मे महिना आहे, तुम्ही रेल्वे वर्कशॉपातून जेवायला घरी आलाय. घरातलं वायरिंग मी पुस्तक वाचून केलेलं, प्रत्येक फ्यूजखाली माझ्या अक्षरात चिठी. 'स्वयंपाकघर' लिहिलेला फ्यूज तुम्ही काढता, बल्बच्या होल्डरला हात लावता आणि स्टुलावरून खाली. आई म्हणते, "वर्कशॉपात इंजिनं हलवता, आणि घरात बल्बने लोळवलं!" तुम्ही हसत नाही. काळा पडलेला अंगठा धरून मला म्हणता, "चिठी नसती तर टेस्टर लावला असता. तुझं अक्षर होतं, म्हणून नाही लावला." मग विचारता, "तारा कुणी बदलल्या?" मी म्हणतो, कूलर बसवायला आलेल्या मिस्त्रीजींनी बदलल्या असतील. संध्याकाळी सदर बाजारात त्यांच्या दुकानासमोर तुम्ही चारचौघांत त्यांना झापलंत. ते एवढंच म्हणाले, "बाबूजी, हमने तो बोर्ड छुआ भी नहीं।" तुम्ही त्यांना पुन्हा कधी घरी बोलावलं नाहीत.

आमच्याकडे दुरुस्ती पाठवताना चूक कुणाच्या कुठल्या बदलाने शिरली, तेही लिहायची रीत आहे. मी आधी नुसतं 'कॉमेंट सुधारली' एवढंच लिहिलं होतं. ते खोडून माझा तो बदल माझ्या नावासकट लिहिला, पाठवला. मुलीचं 'धन्यवाद' आलं, आणखी काही झालं नाही.

कूलर मिस्त्रीजींनी फक्त खिडकीत बसवला होता, अण्णा. त्याला जाड तारेचा फ्यूज हवा म्हणून स्वयंपाकघराचा त्याला दिला आणि तिथली लाईन शेजारच्या फ्यूजवर मी नेली होती, चिठ्या बदलायच्या राहिल्या. मिस्त्रीजी अजून दुकानात बसतात, कानाने थोडे अधू झालेत. मी स्कूटर पलीकडच्या गल्लीतून काढतो. हे खरं तर त्यांना वाचून दाखवायचं. पण मी मराठीत लिहिलंय, आणि त्यांना मराठी येत नाही, हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होतं.