ताकातल्या कण्या

उषाच्या बापूंनी उठल्यावर वाचावं.

मी उषाला घेऊन सकाळच्या बसनं येलदरीला, माझ्या भावाकडं चालले. तीन रातींनंतर आज कुठं तुमी शांत झोपलात, म्हणून उठवलं न्हाई.

चुलीच्या वैलावर ज्वारीच्या कण्या शिजवून ठेवल्यात. ताक घालून खा, फोडणी नको. एरंडेल आता पुरे. तहान लागली की सुंठीचं पाणी प्या, तांब्यात हाय.

भाऊबीजेला तुमच्या चौघी बहिणींनी ओवाळलं, आग्रह करकरून भरवलं. तुमी एकीलाबी नको म्हणाला न्हाईत. तळायला मी व्हते, मागून तुमचं पोट शेकायलाबी मीच. तिकडं माझा भाऊ धोंडीबा दिवस मावळंपर्यंत पाट मांडून माझी वाट बघत बसला. त्याचा निरोप तुमच्यासमोरच आला. तुमी कूस बदललीत, मी शेकायचं फडकं गरम करत ऱ्हायले.

तुमचं पोट ताळ्यावर आलं की येते, असं लिहिणार व्हते. पण माझी कंबर लय दुखायलीय. ती ताळ्यावर आली की येईन.

अनारशाचा डबा धुंडाळू नका. तुमच्या नजरेतून चार वाचवले व्हते, ते भावाच्या ताटात वाढीन.

उषाची आई