टॉवेलच्या जागी कोण

७ ऑक्टोबर

चॅनेलवाल्या बाईंना गोष्टीचा शेवट नकोय. म्हणजे शेवट हवाय, हा नकोय. जर्मन लोककथा, फारशी कुणाच्या ऐकण्यातली नाही. जंगलात एक म्हातारी. तिच्याकडे एक मुलगी येते, सारखे प्रश्न विचारते. म्हातारी लाडाने उत्तरं देते. मग एका प्रश्नाला कंटाळते, मुलीचं लाकूड करते, चुलीत सारते आणि हात शेकत बसते. संपलं.

बाई म्हणाल्या, "अगं, सकाळच्या कार्टूनमध्ये मूल जाळणार आहेस तू?"

भांड भांड भांडले. मुलांना घाबरू द्या, भीतीवर साखर पेरू नका, वगैरे. शेवटी म्हणाल्या, मुलांना दाखवून बघू, मग ठरवू. जाम खूश आहे मी.

९ ऑक्टोबर

ताई गेली. दोन महिन्यांचं ट्रेनिंग, परदेशात. तिची लेक माझ्याकडे. तोंडाला विश्रांती नाही म्हणून टकळी. विमानतळावरून घरी येईपर्यंत — ढगात आई ओली होईल का, विमान मागे जातं का, तू लग्न का नाही केलंस.

ताई जाताना म्हणाली, "उत्तरं देत जा गं तिला. वैतागू नकोस." म्हटलं, माझा धंदाच आहे तो.

१३ ऑक्टोबर

अ‍ॅनिमेटरला म्हातारी सापडेना. काढली की तीच ती, लांब नाक आणि चामखीळ. वैतागून म्हणाला, "तू लिहिलीयस ना? मग तूच करून दाखव." आधी माणसाचं शूटिंग करायचं आणि ते बघून हालचाली काढायच्या, अशी त्याची पद्धत.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसले. लाकूड म्हणून गुंडाळलेला टॉवेल, चूल म्हणून टेबलाचा खण. मान तिरकी केली, हसले, म्हटलं, "विचार ना राणी, विचार." मग टॉवेल खणात सारला. हात शेकले.

त्याने कॅमेरा बंद केला. मग म्हणाला, "बाप रे. कुठून आणलंस हे?"

कुठून म्हणजे? आलं आपोआप.

२४ ऑक्टोबर

कच्ची फिल्म घरी लॅपटॉपवर बघत होते. टकळी मांडीत येऊन बसली. म्हटलं, बघ, मावशीची गोष्ट.

म्हातारीने मान वळवली मात्र, टकळी ओरडली, "मावशी, ही तू आहेस!" केस पांढरे, पाठीला पोक, तरी ओळखलं. मी तिला शाळेतलं विचारताना अश्शीच मान करते म्हणे. आणि तिला 'राणी' तर म्हणतेच. मला कोण आनंद!

शेवटपर्यंत बघितलं तिने. कशी वाटली?

"छान," म्हणाली. मांडीतून उतरली.

२६ ऑक्टोबर

आज तिने एकही प्रश्न विचारला नाही.

२७ ऑक्टोबर

"मावशी, पाणी पिऊ?" — हा प्रश्न धरायचा का?

समोरच्या रस्त्यावर क्रेनने बंद पडलेली बस उचलत होते. मुद्दाम खिडकीत नेलं. एरवी क्रेनवाल्याच्या बायकोपर्यंत चौकशी झाली असती. ही नुसती बघत उभी. मी म्हटलं, "विचार ना काहीतरी." आणि बोलता बोलताच कळलं, मान तिरकी झालीय माझी.

ती मागे सरकली. जरासंच.

आरशासमोर बराच वेळ बोलून बघितलं. लक्ष ठेवलं की जास्तच तिरकी होते. हसणंही तेच. मी आधीपासून अशीच होते?

२९ ऑक्टोबर

वाटलं, खरं शूटिंग दाखवलं की भीती जाईल. खेळ होता, हे कळेल. स्टूल दाखवलं, खण दाखवला. "बघ, मी आपली वेडी मावशी. आणि हा साधा टॉवेल."

आधी निदान चित्रातली म्हातारी होती. आता मीच. माझा निळा कुर्ता, माझा चष्मा.

स्क्रीनवरच्या खणावर बोट ठेवून म्हणाली, "टॉवेलच्या जागी कोण होतं?"

तीन दिवसांतला पहिला प्रश्न. म्हटलं, "कुणी नाही गं." तिने मान डोलावली. मोठी माणसं खोटं बोलली की आपण डोलावतो तशी.

३१ ऑक्टोबर

बाईंना म्हटलं, शेवट बदलू या. म्हातारीचा चेहराही. त्या हसायलाच लागल्या. कच्ची फिल्म मुलांना दाखवून झाली म्हणे. मस्त घाबरली, परत लावा म्हणाली. शेवट पक्का. "तूच तर भांडली होतीस ना?"

हो. मीच. पण त्या मुलांच्या शेजारी त्यांच्या आया बसल्या होत्या.

३ नोव्हेंबर

ताईचा व्हिडिओ कॉल. टकळी हाताची घडी घालून बसली. जेवलीस? हो. त्रास देत नाहीस ना मावशीला? नाही.

ताई म्हणाली, "अगं, केवढी शहाणी झालीय! काय जादू केलीस?"

सांगणार होते. अगदी तोंडावर आलं होतं. टकळी माझ्याकडे बघत होती, मी आता काय करते ते. मी नुसती हसले.

५ नोव्हेंबर

ताईला तिकडेच नोकरी देतायत. वर्षभरासाठी. "टकळी तुझ्याकडे इतकी छान राहतेय, म्हणूनच हो म्हणाले गं."

फोन ठेवला तर टकळी दारात. सगळं ऐकलेलं. आई कधी येणार, का नाही येणार — काही नाही. शेवटी मीच विचारलं, "राहशील ना माझ्याकडे?"

वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाली.