कागदी बर्फाचे सहा हात

कर्वेनगर, पुणे
मार्गशीर्ष वद्य षष्ठी

तीर्थस्वरूप द्वारकाअक्काच्या पायांवर धाकट्या उत्तरेश्वराचं डोकं.

इकडे मी, पूर्णिमा आणि सृष्टी, तिघेही देवाच्या कृपेने ठीक आहोत. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? निरगुडीचा पाला बांधतेस, की शंभूला आणायला लावून नुसता खुंटीला टांगून ठेवतेस, ते कळव. (शंभू तुझा मुलगा असला तरी माझा भाचा आहे, आणि तो मला सगळं सांगतो.) फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू "बरं हाय, समदे बरे हायेत, ठेव" एवढं बोलून मोकळी होतेस, आणि मला सांगायचं आहे ते लांबलचक आहे. दाजींना जाऊन चौदा महिने झाले. तेव्हापासून तू गावची वेस ओलांडली नाहीस, आणि दत्तजयंतीच्या सप्ताहाला देवळातल्या कागदकामाला हातही लावला नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण या पत्राचा विषय तो नाही. विषय बर्फ आहे.

पुण्यात बर्फ पडत नाही. सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, एवढीच इथली थंडी. तरी सृष्टीच्या शाळेत यंदा बर्फ पडावा असं ठरलं, आणि तो पालकांनी पाडावा असंही ठरलं. तिसरीच्या प्रत्येक मुलाने शुक्रवारपर्यंत कागदाचे दहा 'स्नोफ्लेक' आणावेत, ते वर्गाच्या खिडक्यांना लावायचे आहेत, असा निरोप फोनवर आला. (स्नोफ्लेक म्हणजे बर्फाची चांदणी. आभाळातून अशी एकेक कोरून खाली येते म्हणे, आणि एकीसारखी दुसरी नसते. देवाला अजून एवढा निवांतपणा आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं.) पूर्णिमा दुकानातून तयार पाकीट आणणार होती. मी म्हणालो, विकत कशाला आणायचं, मी सप्ताहाला अख्खं देऊळ सजवलेला माणूस आहे. हे वाक्य सृष्टीने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जसंच्या तसं सांगितलं, वर "माझ्या पप्पांसारखं कुणालाच येत नाही" अशी स्वतःची भर घातली. पूर्णिमा एवढंच म्हणाली, "करा. पण माझी कापडाची कात्री सोडून, आणि खाली पसारा न करता." (खाली पसारा न करता कागद कापणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.)

त्या रात्री मी आमच्या कॉलेजच्या कचेरीतून आणलेले पाठकोरे कागद घेऊन बसलो आणि अक्का, घडी घालायला लागलो तसा मी पुण्यात उरलोच नाही. देवळातली ती गार फरशी आठवली. तू चौदा वर्षांची, मी सात वर्षांचा. शाळा सुटली की पाटी-दप्तरासकट आपण तिथेच जायचो. शिंप्याकडून मागून आणलेली मोठी कात्री, ती तुझ्या अंगठ्यात सैल व्हायची म्हणून तू तिला चिंधी गुंडाळायचीस. लाल, पिवळे, हिरवे पतंगाचे कागद, आणि आईने ज्वारीच्या पिठाची करून दिलेली खळ, जिच्यातली थोडी मी चाखायचो. (मीठ कमी असायचं.) तू कागदाची चौघडी करायचीस, मग कोपऱ्यावर कोपरा आणून तिकोन, मग कडेने कोयऱ्या आणि करंज्या कापायचीस. आणि दरवेळी सांगायचीस, "मधल्या टोकाला कात्री लावायची न्हाई. ती देवाची जागा हाय." मग घडी उलगडली की आठ पाकळ्यांचं फूल. तू ते उजेडाकडे धरायचीस, आणि त्याच्या छिद्रांमधून पडणारं ऊन तुझ्या तोंडावर यायचं. एवढी वर्षं झाली, पण 'शोभा' हा शब्द कुठे वाचला की मला तेच दिसतं.

सांगायचं म्हणजे, दहा चांदण्या तयार झाल्या आणि बुधवारी शाळेत गेल्या. दुपारी सृष्टी घरी आली, ती थेट चपलांच्या कपाटापाशी गेली आणि चांदण्यांची पिशवी आत ठेवून तिने दार लावलं. वहीत संस्कृती मॅडमची चिठ्ठी होती. (या तिच्या वर्गशिक्षिका. वय पंचवीस असेल, पण अक्षर आपल्या मास्तरांच्या तोडीचं.) त्यांनी लिहिलं होतं की काम अतिशय सुंदर आहे, पण बर्फाच्या चांदणीला निसर्गात सहाच हात असतात, आठ कधीच नसतात, तेव्हा शक्य झाल्यास पुन्हा कराव्यात. शिवाय वाऱ्याने चांदण्या फिरल्या की मागच्या बाजूला 'गैरहजर विद्यार्थ्यांची यादी' वाचता येते, तेही पाहावं. आणि आमोद नावाच्या एका मुलाने सगळ्यांसमोर विचारलं होतं की हे देवळातलं डेकोरेशन इथे कशाला आणलं. मी कचेरीतून येईपर्यंत सृष्टी जेवायचीही थांबली होती. मला म्हणाली, "पप्पा, तुम्हाला खरंच येत होतं ना?" अक्का, पन्नाशीला आलेल्या माणसाला कुणी बरंच काही विचारतं, आणि तो उत्तरं देऊनही टाकतो. याला मात्र मी मुदत मागितली. मी म्हणालो, उद्या बघू.

उद्या म्हणजे गुरुवार, ऐन दत्तजयंती. संध्याकाळी जन्मकाळ करून, सुंठवडा वाटायला मी शेजारी माधवरावांकडे गेलो. ते खडकीच्या कारखान्यात ड्रॉइंग विभागात होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून रेघ सरळ नसलेला माणूस त्यांना चालत नाही. मी अडचण सांगितली. सुंठवडा तोंडात टाकून ते म्हणाले, "आठ हात? उत्तरेश्वर, तुमच्याकडे बर्फ काय देवी पाडते का?" आणि कंपास, कोनमापक, टोकदार पेन्सिल घेऊन आमच्याकडे आले. साठ अंशाचा कोन कसा काढायचा, हे त्यांनी सृष्टीला समजावलं, मग मला समजावलं, मग आम्हा दोघांना कळलेलं नाही हे त्यांच्या लक्षात आल्यावर स्वतःच काढायला बसले. पाऊण तासात एक चांदणी आखून झाली. कापून नव्हे, आखून. त्यांना जेवायला बोलवायला आलेल्या श्यामलाताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, या वेगाने दहा व्हायला मार्च उजाडेल. तोवर खऱ्या असत्या तर वितळल्या असत्या."

मी आपला घड्या घालत होतो, पण बोटं ऐकत नव्हती. कितीही ठरवलं तरी चौघडी, तिकोन आणि शेवटी आठ. तू लावलेलं वळण आहे ते, असं सहज जाणार नाही. शेवटी मी कागद खाली ठेवला आणि देव्हाऱ्याकडे बघत बसलो. तसबिरीला झेंडूचा ताजा हार होता. सृष्टी माझ्या शेजारी येऊन बसली आणि बोटाने मोजायला लागली. म्हणाली, "पप्पा, दत्ताला बरोबर सहा हात आहेत." मी म्हणालो, हो, आणि तोंडं तीन. मग आम्ही दोघांनी एकदमच कागद उचलला. कागदाची एकदा दुहेरी घडी, मग तिचे तीन सारखे भाग एकमेकांवर, चण्याफुटाण्याची पुडी वळतात तसे. वरची वाकडीतिकडी टोकं छाटली, कडेने कापलं, उलगडलं. मोजले, सहा. माधवरावांनी कोनमापक लावून पाहिलं आणि म्हणाले, "अर्ध्या अंशाचा फरक आहे. आज चालेल."

(एरवी मी अशा गोष्टींची वाच्यता करत नाही. देवाला लहानसहान कामाला लावू नये. पण ज्याने बर्फाला सहा हात दिले त्याच्या घरी ही चौकशी करायला गेलो तर त्यात वावगं काय?)

शुक्रवारी दहाच्या दहा चांदण्या खिडकीला लागल्या, कोऱ्या कागदाच्या. दुपारी दारातूनच सृष्टीने पिशवी फेकली आणि तीन पोळ्या खाल्ल्या. मॅडमनी विचारलं म्हणे, बाकी सगळ्यांच्या चांदण्यांना मधे भोक आहे, तुमच्या भरलेल्या कशा? सृष्टीने सांगितलं, ती देवाची जागा आहे, असं माझी आत्या म्हणते.

तर असा बर्फ पडला. तब्येतीला जप. शंभूला आशीर्वाद.

तुझा,
उत्तरेश्वर

ता. क. मॅडमनी पुढे असंही विचारलं की आत्या वर्गात येऊन मुलांना शिकवतील का. वीस तारखेला, शनिवारी, सकाळी. मी हो सांगून टाकलं आहे. शंभू तुला गाडीत बसवून देईल, मी स्टँडवर उभा असेन.

ता. क. २. तुझं उत्तर मला माहीत आहे. देवाच्या कामाला आता माझा हात नको, असं तू सप्ताहाच्या बायकांना म्हणालीस. कुणी काही बोललं म्हणून म्हणालीस की आपणहून, ते मी विचारत नाही. देवाला त्यात काय वाटलं असेल, यावर माझं मत वेगळं आहे, पण ते राहू दे. हे तर देवाचं कामही नाही. नुसता बर्फ आहे. त्याला शुभ-अशुभ काही कळत नाही, तो कुणाच्याही हातून सारखाच पडतो. एवढ्याला तरी कात्री धर, अक्का.

ता. क. ३. अक्का, मी पूर्णिमा. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. ह्यांनी घड्या घातल्या, तेवढं खरं. आठ हातवाल्या मी कापल्या, सहावाल्या सृष्टीने. ह्यांनी कापली ती एकच, आणि तिचे सहाही हात सुटून खाली पडले. गावी कात्री फक्त तुमच्याच हातात असायची आणि हे खळीची वाटी धरून बसायचे, असं तुमच्याच तोंडून ऐकल्याचं शंभू सांगतो. शनिवारी तुम्ही आला नाहीत तर हे स्वतः वर्गात जाणार म्हणतात. पोरांचा विचार करून तरी या.